खालच्या फळीवरची डिश

अकरा.

तिने वीज मोजणारी दोन टोकांची सुई डिशमधून काढली, पुसली, परत बुडवली. परत अकराच. सकाळी आठला अकरा, दहाला अकरा, आता बाराला अकरा. यंत्रालाही एव्हाना तिचं तोंड बघून कंटाळा आला असावा.

डिशमध्ये माणसाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिनीच्या पेशी होत्या. देवाने ही वाहिनी आतून अशी लिंपली आहे, की पेशीला पेशी खेटून बसते आणि बोटांत बोटं गुंफावीत तशी शेजारणीला धरून ठेवते. त्या सांध्यांच्या जोरावर रक्तातलं पाणी रक्तात राहतं. सांधे सुटले की तेच पाणी फुप्फुसात झिरपतं आणि माणूस कोरड्या अंथरुणावर बुडतो. सुटलेले सांधे पुन्हा जुळवणारं औषध तिला तपासायचं होतं. पण त्यासाठी आधी जुळलेला एक तरी थर हवा. थर जितकी वीज अडवेल तितके सांधे घट्ट. आकडा तिसाच्या वर गेला की भिंत पक्की. सात आठवडे झाले, भिंत गळतच होती. मोठ्या सरांनी निक्षून सांगितलं होतं, शनिवारपर्यंत एक न गळणारी डिश दाखवा, नाहीतर हे काम बंद. आज शुक्रवार.

दोष कुणाकुणाला द्यायचा, याची यादी तिच्यापाशी तयार होती. पेशींचा खुराक पाठवणारे, वीजवाले, शेजारच्या टेबलावर शिंकणारा तो उंटावरचा शहाणा. सोमवारी तिने सगळ्यांना बजावलं होतं, की उबेच्या कपाटाला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आधीसारखीच दर दोन तासांनी, पण आता एकटीच, ती दार उघडायची, डिश बाहेर काढायची, उजेडात धरायची, हलवून बघायची, सुई बुडवायची आणि सुस्कारा टाकून परत ठेवायची. पोटच्या लेकराचंही कुणी इतकं करत नाही.

त्याच सोमवारी तिचा राग आईच्याही वाट्याला आला. आईचे दिवसाला सहा फोन. पोहोचलीस का, डबा खाल्लास का, आवाज का बसलाय, मगाशी उचलला का नाहीस. सहाव्या फोनला हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, जरा सुखाने जगू दे मला," एवढं बोलून तिने फोन ठेवला. त्यानंतर चार दिवस आईचा फोन नाही. आता त्याचाही तिला रागच येत होता.

अकराची डिश परत ठेवताना ती वाकली आणि खालच्या फळीवर, पार मागे, तिला आणखी एक डिश दिसली. झाकणावर लाल फुली. तिनेच मारलेली. सोमवारी हिच्यात पेशी फार विरळ पडल्या म्हणून तिने ही रद्द केली होती.

तिने मामांना हाक मारली. मामा प्रयोगशाळेतली भांडी धुवायचे, तिच्या वडिलांच्या वयाचे. हात पुसत आले.

"ही टाकून द्यायला सांगितली होती ना मी?"

"सांगितली होती की. आणि कपाटाला हात लावायचा नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. मग टाकू कशी?"

तिने कपाळावर हात मारला. आता हेच तेवढं बाकी होतं. चार दिवस या डिशकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. टाकायच्या आधी, निव्वळ वैतागून, तिने सुई बुडवली.

अडतीस.

तिने सुई पुसली, पुन्हा बुडवली. अडतीस. मामाही मान वाकवून आकड्याकडे बघत राहिले.

"हिला वेगळं काय केलंत, मॅडम?"

"काहीच नाही."

"तरीच," मामा म्हणाले, आणि भांडी धुवायला निघून गेले.

तिने दोन्ही डिश शेजारी ठेवून पाहिल्या. मग अकराची आणि फुलीची, दोन्ही डिश तिने अलगद जागच्या जागी ठेवल्या, दार लावलं आणि खुर्चीत बसली. दोन मिनिटांत उठली. हात दाराच्या मुठीपर्यंत गेलासुद्धा. तो तिने ओढून मागे घेतला आणि कोटाच्या खिशात कोंबला. खिशात फोन होता.

पहिल्याच घंटेला आईने उचलला.

"आई," ती म्हणाली, "मी अगदी तुझ्यावर गेलेय गं."