मटकीची वाटी

शिर्डीच्या गर्दीपासून दूर, एका शांत कॉलनीत सुकन्या आणि अजिनाथ सोमवारी राहायला आले. ओळख व्हावी म्हणून मंगळवारी शेजारच्या छबूबाई वाटीभर मटकीची उसळ देऊन गेल्या.

दुपारी वाटी घासताना सुकन्याला तिच्यावर कोरलेली अक्षरं दिसली.

‘कै. सौ. सुकन्या अजिनाथ लांडे यांच्या स्मरणार्थ.’

ओल्या हातांनीच ती शेजारी धावली. “मावशी, ही वाटी कुणी दिली?”

“तुज्या मालकानं. तेराव्याला घरोघर वाटल्या की! लई रडत हुता बिचारा,” शेंगा सोलता सोलता छबूबाई म्हणाल्या.

सुकन्यानं वाटीवरच्या नावावर बोट ठेवलं. “अहो, आम्ही तर कालच आलो इथं!”

छबूबाईंनी मायेनं तिचा हात हातात घेतला.

“तुला कसं ठावं असंल, पोरी? तवा तू न्हवतीस ना.”