तिठ्यावरचा कौल

कसालच्या तिठ्यावर शिवाने जीप थांबवली. "डावीकडे फोंडाघाट, कोल्हापूर. उजवीकडे कुडाळ. खंय न्हेव?"

मागे गुरुदास मास्तर पोट धरून आडवा झाला होता. डोकं आईच्या, माईच्या मांडीवर. पाय बायकोच्या, शुभदाच्या. अपेंडिक्स कधीही फुटेल, असं मालवणच्या सरकारी डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांच्याकडे ऑपरेशनची सोय नव्हती.

"कोल्हापूर," गुरुदास कसाबसा म्हणाला. "कुडाळच्या दाक्तराक मान्यता नाय. थंय ऑपरेशन केला तर खात्याकडसून दमडी मिळाची नाय."

मास्तरला नियम पाठ. शिक्षक आजारी पडला की खातं खर्च देई, पण खात्याने मान्य केलेल्या इस्पितळातलाच. जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली, मान्यता काही अजून घाट उतरली नव्हती. माणसाने मरणाच्या दारातही खात्याची सोय बघायची, म्हणजे कमालच. कुडाळचा खाजगी डॉक्टर अर्ध्या तासावर होता. पण तिथला सारा खर्च पदरचा, आणि पदरी शुभदाच्या पाटल्यांखेरीज काही नव्हतं.

गुरुदासचं अंग गार पडत चाललं होतं. घाट चढेपर्यंत तो टिकायचा नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

"माई," शुभदा म्हणाली, "सकाळी तुमी देवळात गेल्लात ना? देवीन खंयचो कौल दिल्यान?"

त्या घरात कौलावाचून पान हलत नसे. देवीच्या अंगावर दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, आणि ज्या बाजूची पाकळी पडेल ती वाट धरायची. कौल मोडला की घरातलं माणूस जातं, हे माईनेच साऱ्यांना शिकवलं होतं.

माईने मुलाच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला.

"कुडाळचो."

गुरुदासने डोळे मिटले. देवीपुढे खात्याचं काय चालणार. शिवाने जीप उजवीकडे वळवली.

कुडाळला ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. शुभदा पाटल्या काढून देऊन बाकावर येऊन बसली. "देवीन सांगल्यान, म्हणजे ते बरे होतले," ती म्हणाली.

माईने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "आये," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "कौल तू कोल्हापूरचोच दिलंस. मोडलंय तो मी, माज्या झिलान नाय. न्हेवचा झाला तर माका न्हे."