गावाचे दिवे

जत्रेच्या तंबूत दरवर्षी तोच जुना इंग्रजी सिनेमा लागायचा, अवकाशयानात शिरलेल्या राक्षसाचा, आणि तंबूवाले गेनूतात्या माइकवर त्याची गोष्ट मराठीत सांगायचे. यंदा घसा पार बसला होता. म्हणून मराठी आवाजाची प्रत आणून ते मागे खुर्चीत पडून राहिले.

"यानातलं कुणीच वाचलं नाही," शेवटी पडद्यावरचा आवाज म्हणाला.

म्हातारी हौसाबाई उठून आली. "तात्या, हा कुठला सिनेमा? आपल्यात समदी घरला येत्यात."

सगळे घरी परतण्याचा तो शेवट दरवर्षी तात्याच पदरचा जोडायचे. समजावून सांगायचं त्राण नव्हतं. त्यांनी शेवटचा प्रसंग पुन्हा लावला, आवाज बंद केला आणि माइक घेतला.

पडद्यावर यान पेटलं.

"बघा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गावाचे दिवे दिसायला लागले."