गाळ हलता कामा नये

"पयले तू पे," अतुल म्हणाला.

सरिताने हातातली बाटली खाली ठेवली. "मी काऊन, अतुलभाऊ? चव तं तुमाले पाहाची हाये."

"तरीबी तूच पे."

अतुलला भीती वाटत होती, आणि भ्यावं असं त्याने केलंही होतं. गोंडपिपरीजवळच्या त्याच्या कारखान्यात सरिता तीन वर्षं बिअर बनवत होती. बेल्जियन पद्धतीची, काळपट, चांगली कडक. तिच्यात मोहफुलं घालायची कल्पनाही तिचीच. पहिल्या खेपेतल्या बारा बाटल्या तिने तेव्हापासून अंधाऱ्या खोलीत मुरत ठेवल्या होत्या. आज संध्याकाळी नागपूरच्या बड्या हॉटेलवाल्यांसमोर त्या उघडायच्या, आणि त्यांनी मान डोलावली की अतुलचं नशीब फळफळणार. नेमकं कालच त्याला कुणीतरी सांगितलं, ही झिंगूची धाकटी पोरगी.

झिंगू वैनगंगेत डोंगा चालवायचा. चार वर्षांपूर्वी नदीच्या अलीकडची, चंद्रपूरची दारूबंदी उठली. पलीकडे गडचिरोलीत ती होती आणि आजही आहे. अतुलने तेव्हा झिंगूच्या डोंग्यात एक पेटी ठेवली आणि आत औषधं आहेत म्हणून सांगितलं. पलीकडच्या काठावर पोलिसांनी झिंगूच्या हातातली पेटी उघडली. त्याच डोंग्यातून उतरलेला अतुल शेजारीच उभा होता. झिंगूने त्याच्याकडे बोट दाखवलं. अतुल हसून म्हणाला, "ज्याच्या हातात पेटी, त्याचीच पेटी."

झिंगू तुरुंगातून सुटून आला तो खोकला घेऊनच. पुढची दिवाळी काही त्याने पाहिली नाही. अतुलने मात्र रीतसर परवाना काढला, कारखाना टाकला आणि चार लोकांत साहेब झाला.

बाटली त्याने स्वतः निवडली. बूच त्यानेच काढलं, दोन्ही ग्लास त्यानेच भरले. सरिताने आपला ग्लास तळापर्यंत रिकामा केला आणि निवांत फुटाणे खात बसली. तो तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तिला काही म्हणता काही झालं नाही.

मग अतुलने ग्लास नाकाशी नेला. खजूर, करपलेला गूळ, आणि मागून हळूच मोह. पहिला घोट घेताच त्याचे डोळे मिटले.

"माहा बाप म्हणे, मोहाची घाई करू नोको," सरिता म्हणाली.

अतुलने ग्लास खाली ठेवला. "तुह्या बापाचं लय वाईट वाटलं मले."

"जुनं झालं, भाऊ. तीन वरसं मुरलं का कडूपणाबी जाते."

अतुलच्या छातीवरचा धोंडा उतरला. पोरगी समजूतदार निघाली! त्या आनंदात त्याने दुसरी बाटली उघडली. याही वेळी आधी तिला पाजली, पण आता नुसती रीत म्हणून.

"अकरा टक्के हाये. गोड लागते म्हणून समजत नाई. हळू घ्या," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही. उरलेली बाटली त्याने एकट्याने संपवली.

चव पसंत पडली की चाखणाऱ्याने लेबलावर सही करायची, ही कारखान्यातली पद्धत. अतुलने उरलेल्या दहाही बाटल्यांवर ऐटीत सही ठोकली. चैतूने गाडी दारात लावली होती. सरिता त्याला मामा म्हणायची. पण ड्रायव्हरला काय, सगळेच मामा म्हणतात.

चैतू त्या दहा बाटल्यांची पेटी डिक्कीत ठेवायला निघाला, तशी सरिता ओरडली, "तिथी नाई! खाली गाळ बसला हाये. हालला का तीन वरसं पाण्यात. भाऊ, तुमीच मांडीवर उभी धरा. दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नोका."

अतुलला तिचं कौतुक वाटलं. लेकराला धरावं तशी त्याने पेटी दोन्ही हातांनी धरली. गाडी फाटकाबाहेर पडायच्या आतच त्याला झोप लागली.

काचेवर टकटक झाली तेव्हा ऊन अजून होतं. पुढची सीट रिकामी होती. पेटी मांडीवर जशीच्या तशी, गाळसुद्धा हलला नसेल. अतुलने डोळे चोळत काच खाली केली.

"नागभीड आलं काय?"

"नागभीड?" हवालदार वाकून म्हणाला. "हे गडचिरोलीतलं आष्टी होय, साहेब. वैनगंगा मागं राह्यली." त्याने एक बाटली उचलून लेबलावरची सही वाचली. "कोणाची हाये पेटी?"

अतुलने घाईघाईने हवालदाराच्या मागे उभ्या असलेल्या चैतूकडे बोट दाखवलं.

चैतू हसला. "माह्या बयनीचा नवरा झिंगूबी असंच बोट दाखवत होता, साहेब. ज्याच्या हातात पेटी, त्याचीच पेटी."