गिरवणारी सावली

या मंडळी, जवळ सरका, चित्त इकडे द्या! शाळेची घंटा वाजवण्यात माझा जन्म गेला, पण असं आक्रीत एकदाच पाहिलं.

वर्गातल्या जुन्या साधनांचं प्रदर्शन होतं. पाटी, रेडिओ, टेपरेकॉर्डर, आणि काचेवर लिहिलेलं भिंतीवर मोठं दाखवणारा प्रोजेक्टर. तो शाळेच्या जुन्या मास्तरांनी हौसेने आणलेला. स्वतःच्या लेकीचा हात धरून अक्षरं गिरवून घ्यायचं मात्र त्यांचं राहिलं. ती तान्ही असतानाच ते गेले. तीच लेक आता आमच्या बाई.

बाईंनी प्रोजेक्टरचा दिवा लावला. काच कोरी होती, तरी भिंतीवर हाताची सावली पडली. तर्जनीचं टोक तुटलेलं.

"बाई, हात काढा की!" मुलं हसली.

"अरे, माझे हात तर पाठीमागे आहेत."

"मास्तरांचं बोट!" मी ओरडलोच.

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी काचेवर हात नेला. त्या सावलीने त्यांच्या हाताची सावली धरली आणि दोघी मिळून 'अ' गिरवू लागल्या. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मी घाबरून दिवा मालवला. भिंत कोरी झाली.

बाईंचा हात हवेत फिरतच होता. "काका," त्या हसत-रडत म्हणाल्या, "पकड सुटत नाहीये."

मंडळी, तुमचा हात पहिल्यांदा ज्याने धरला, त्याची आज आठवण काढा.