परत हात उठला तर
सगळे तयार होते. आता फक्त सुमतीने 'जा' म्हणायचं बाकी होतं.

सिंदी मेघेतल्या समुपदेशन केंद्राच्या त्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या होत्या. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली रक्षा, सासरी परतायची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या आईला, अनुसयाबाईंना, धाकटीचं लग्न जमवायचं होतं. थोरली घरी येऊन बसली की पाहुणे फिरकत नाहीत, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. समोर रक्षाचा नवरा गजेंद्र. पिपरी मेघेत त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. शेजारी त्याची आई कौशल्याबाई, सुनेसाठी नवी साडी आणि ओटीचं सामान घेऊन आलेली. पोरगा आता गायीसारखा झालाय, आवाजसुद्धा चढवत नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं.

सुमती इथली समुपदेशक. बायकोला मारणाऱ्या पुरुषांशी बोलणं हे तिचं काम. घरातल्या मारहाणीविरुद्धचा नवा कायदा आल्यापासून ते वाढलंच होतं. ही माणसं राक्षसासारखी दिसली असती तर फार बरं झालं असतं. पण ती गोड असतात. ताई म्हणतात, पंखा लावून देतात, डोळ्यांत पाणी आणतात. अशाच एका रडणाऱ्यावर विसंबून तिने एका बाईला परत पाठवलं होतं. ती बाई पुढच्या वेळी दवाखान्यातल्या खाटेवर भेटली. तेव्हापासून सुमतीचा समस्त पुरुषजातीवरचा विश्वास उडाला. तिचा नवरा अच्युत साधा शाळामास्तर. त्याने प्रेमाने 'दमलीस का?' विचारलं तरी ती त्याच्या तोंडाकडे संशयाने बघायची. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण बघायची.

आज तिचं चुकलं तर रक्षाच्या जिवावर बेतणार होतं.

तिने नेहमीचा प्रश्न विचारला. परत हात उठला तर? याचं उत्तर तिला पाठ होतं. उठणारच नाही ताई, आईची शपथ.

 कौशल्याबाईंनी गजेंद्रला कोपराने ढोसलं.

"उठते, ताई," तो म्हणाला. "परवाच मायवर उठला. मायनं तुमाले सांगतलं नाई."

कौशल्याबाईंची मान खाली गेली.

सुमती वाट बघत राहिली. आता रडणं येईल, मग पाया पडणं, मग 'एक संधी द्या'. त्यातलं काहीच आलं नाही. रक्षाकडे बघायचीही त्याला हिंमत होत नव्हती.

"आत्ता नका पाठवू तिले," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी येत जाईन इथं. पण मले माझाच भरोसा नाई."

रक्षाने सुटकेचा निःश्वास टाकला. तो सगळ्यांना ऐकू गेला.

 माणूस किती खोटं बोलू शकतो हे सुमतीने इथे रोज पाहिलं होतं. पण आईसमोर, सासूसमोर, बायकोसमोर कोणी स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गाभाऱ्यात उभं राहिल्यावर होतं तसं तिला झालं, आणि तेही असल्या माणसापुढे. तिला स्वतःचा रागच आला. पण वाटलं ते वाटलं.

अनुसयाबाई काही बोलायला गेल्या. सुमतीने त्यांना हातानेच थांबवलं.

कितीतरी वर्षांनी एका पुरुषाच्या शब्दावर तिचा पुरता विश्वास बसला होता. तिने रक्षाला त्याच्यासोबत पाठवलं नाही.