सुटलेली पट्टी

"गिटार किती जुनी आणि किती किमतीची, एवढंच सांगा," बाई म्हणाल्या. "आधीचे कारागीर आत बघतो म्हणाले आणि दुकान उघडं टाकून कुठे गेले, देव जाणे."

असल्या लोकांमुळेच आमचा धंदा बदनाम होतो.

बाईंना बाकावर बसवून मी गिटार हातात घेतली. लहान अंगाची, मधाच्या रंगाची, वजनाला फुलासारखी. अस्सल असली, तर बाईंचं घर उभं राहील एवढी किंमत होती. जरा हलवली, तेव्हा आत काहीतरी आपटलं.

"आतली पट्टी सुटलीय," मी म्हणालो. "गोंद लावून पक्की बसवतो, मग किंमत सांगतो."

पट्टी नेमकी कुठे सुटलीय हे कळायला आम्ही वरची फळी बोटाने ठोकतो. मी दोनदा ठोकलं.

आवाज माझ्या डोक्यावर, छतात झाला. माझ्या दुकानाला वरचा मजला नाही.

पुन्हा ठोकलं. छत पुन्हा वाजलं आणि माझ्या टकलावर भुसा पडला.

"बाई, ऐकलंत?"

बाक रिकामा होता. त्यामागे दार असायचं, तिथे सलग लाकूड होतं. खिडकीच्या जागीही तेच. मी दोन्ही मुठींनी भिंत बडवली, घसा बसेपर्यंत ओरडलो.

वरून बाईंचा आवाज आला. "...दुकान उघडं टाकून कुठे गेले, देव जाणे."

"बघू," कुणीतरी म्हणालं. अख्खं दुकान कलंडलं आणि मी भिंतीवर जाऊन आदळलो.

"ऐकलंत ना? आतली पट्टी सुटलीय. गोंद लावून पक्की बसवतो."